सराफ कट्ट्यामागची खोली आणि माझी सोन्याची पेने

सांगलीच्या सराफ कट्ट्यामागे एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर, जेमतेम तीन माणसे बसू शकतील एवढ्या खोलीत, सोन्याच्या जुन्या वस्तूंची पारख आणि शाईच्या पेनांची दुरुस्ती अशी दोन्ही कामे एकच वयस्कर गृहस्थ करतात. गेल्या सहा वर्षांत माझ्या संग्रहातील ११ पेने या खोलीतून जाऊन आली आहेत. सोन्याची पेने जमवणाऱ्या प्रत्येकाला या माणसाच्या कामाची माहिती असावी असे मला मनापासून वाटते, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. दुकानाला पाटी नाही. नाव आणि फोन क्रमांक छापू नये अशी त्यांची अट आहे, कारण परगावाहून कुरिअरने आलेले सोने ते हातात घेत नाहीत आणि पेनाचा मालक समोर बसल्याशिवाय पेनाचे टोपणही उघडत नाहीत. कट्ट्यावर कोणत्याही सराफाकडे ‘पेनवाले आबा’ अशी चौकशी केली की जिना सापडतो.

मी एका सहकारी बँकेत ३१ वर्षे नोकरी केली आणि त्यांतली बरीच वर्षे सोनेतारण कर्जाच्या टेबलावर गेली. पाटल्या, बोरमाळा, एकदाणी, बिलवर असे दागिने रोज तराजूवर चढत. पेन मात्र एकदाच आले. एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या मुलाने वडिलांचे पिवळेधमक पेन तारण म्हणून पुढे केले, तेव्हा आमच्याकडे मूल्यांकनासाठी येणाऱ्या सराफांनी ते उलटसुलट करून पाहिले, वजन केले आणि ‘आतले काळे काढून नुसता पत्रा द्या, मग बघू’ असे सांगितले. ते आतले काळे म्हणजे जीभ, शाईची नळी आणि निब धरून ठेवणारा भाग, अर्थात ज्याने लिहायचे ते सगळे पेन. मुलाने पेन परत खिशात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी आईच्या बांगड्या आणून कर्ज घेतले. पुढे निवृत्तीच्या रकमेतून मी स्वतः सोन्याची पेने घेऊ लागलो, तेव्हा पेन न मोडता त्याचे सोने तपासून देणारा माणूस शोधायला मला दोन वर्षे लागली. सराफ पेन जाणत नाहीत आणि पेन दुरुस्त करणारे सोने जाणत नाहीत. दोन्ही जाणणारा या जिल्ह्यात मला दुसरा भेटला नाही.

‘सॉलिड गोल्ड’ या शब्दापासूनच आपल्याकडे घोळ सुरू होतो. सराफी भाषेत दागिने भरीव किंवा पोकळ असतात, त्यामुळे सॉलिड म्हणजे भरीव असा अर्थ ऐकणारा लावतो आणि पेन हातात आल्यावर हलके लागले की खट्टू होतो. पेनाच्या बाबतीत त्याचा अर्थ इतकाच की टोपणाचा आणि नळीचा पत्रा आरपार एकाच मिश्रधातूचा आहे. पितळेवर किंवा चांदीवर सोने चढवलेले नाही. आत प्लास्टिकचे अस्तर असते, शाई साठवण्याची व्यवस्था असते, आणि त्यांचे वजन सोन्यात धरायचे नसते. निबेवरच्या अक्षरांनीही असाच गोंधळ होतो. तिथे कोरलेले १४ के (म्हणजे १४ कॅरट) किंवा ५८५ (म्हणजे हजारात ५८५ भाग सोने) हे फक्त निबेपुरते खरे असते. माँ ब्लाँ कंपनीच्या १९५२ साली आलेल्या माइस्टरश्टुक १४९ या पेनाची निब सोन्याची आणि अंग काळ्या रेझिनचे असते, तरी त्याला सोन्याचे पेन म्हणणारे मला पुष्कळ भेटले आहेत. निब सुंदर आहे यात शंका नाही, पण बहुतेक निबांमध्ये ग्रॅमभरही सोने नसते.

मला स्वतःला फसवले ते रोल्ड गोल्डने. रोल्ड गोल्ड, ज्याला अमेरिकेत गोल्ड फिल्ड म्हणतात, तो साधा मुलामा नसतो. पितळेच्या जाड पट्टीवर सोन्याच्या मिश्रधातूची पातळ पट्टी उष्णतेने आणि दाबाने घट्ट जोडतात आणि मग दोन्ही मिळून लाटतात. त्यामुळे वरचे सोने मुलाम्यापेक्षा कितीतरी जाड राहते आणि नीट वापरलेल्या पेनावरून पन्नास वर्षांतही जात नाही. पेनावर ‘१/२० १२ के जीएफ’ असे असेल, तर धातूच्या वजनाचा विसावा भाग १२ कॅरटचा आहे, म्हणजेच शुद्ध सोने २.५ टक्के. अशा २० ग्रॅम पत्र्यात ०.५ ग्रॅम शुद्ध सोने निघेल. तोच पत्रा ९ कॅरटचा असता तर ७.५ ग्रॅम आणि १८ कॅरटचा असता तर १५ ग्रॅम निघाले असते. डोळ्यांना मात्र तिन्ही पेने सोन्याचीच दिसतात.

पुण्याच्या एका जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याकडून मी पार्कर ६१ हे पेन घेतले, तेव्हा त्याने सोबत कॅरटमीटरवरील तपासणीची छापील चिठ्ठी दिली होती. चिठ्ठीवर सोन्याचे प्रमाण चांगले भरघोस होते. आबांनी ती चिठ्ठी वाचली, घडी करून माझ्याकडे परत दिली आणि टोपणाची कड भिंगाखाली धरली. पेनाची नळी जिथे वर्षानुवर्षे आत-बाहेर घासते त्या आतल्या ओठावर आणि क्लिप जिथे वाकते त्या कोपऱ्यात, सोन्याच्या पिवळ्यापेक्षा किंचित फिकट आणि हिरवट अशी केसाएवढी रेघ होती. ‘साहेब, यंत्र खोटं बोलत न्हाई, पण त्येला वरचंच दिसतंय,’ असे ते म्हणाले. क्ष-किरणांचे ते यंत्र पृष्ठभागाचा अगदी पातळ थर वाचते. साध्या दागिन्याला ते पुरते, रोल्ड गोल्डपुढे ते फसते. माझे पेन क्युम्युलस नावाच्या नमुन्याचे निघाले. पार्कर ६१ मध्ये क्युम्युलस, सिरस आणि स्ट्रेटस अशी ढगांची नावे असलेले तीन नमुने होते आणि तिन्ही रोल्ड गोल्डचे होते. पेन म्हणून ते देखणे आहे आणि मी ते आजही वापरतो. दोष पेनाचा नव्हता, ते ज्या नावाने माझ्या गळ्यात मारले गेले त्या नावाचा होता.

आबांच्या पारखण्याची खरी कसोटी पाण्याची आहे आणि तिच्यासाठीच मी या दुकानाला सर्वांत अधिक गुण देतो. वस्तूचे हवेतले वजन घ्यायचे, मग ती बारीक दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून वजन घ्यायचे, आणि दोहोंच्या फरकाने पहिल्या वजनाला भागायचे, म्हणजे घनता मिळते. १८ कॅरट पिवळ्या सोन्याची घनता सुमारे १५.५ येते, १४ कॅरटची १३ च्या आसपास, ९ कॅरटची ११ च्या थोडी वर आणि पितळेची साडेआठच्या आसपास. तत्त्व शाळेत सगळेच शिकतात. अवघड असते ते पेन त्यासाठी तयार करणे, कारण आत प्लास्टिक आणि हवा असलेले अख्खे पेन पाण्यात बुडवून मिळणारा आकडा निरर्थक असतो. आबा टोपणाच्या माथ्यावरचा स्क्रू सोडवतात, क्लिप आणि आतले अस्तर अलग करतात, उघडा पत्रा रिठ्याच्या कोमट पाण्यात धुऊन कोरडा करतात आणि मग शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तीन वेळा तोलतात. पत्र्याला चिकटलेला हवेचा एक बुडबुडासुद्धा आकडा बिघडवतो, म्हणून ते मऊ कुंचल्याने बुडबुडे झाडून काढतात. माझ्या क्युम्युलसचे उत्तर ८.७ आले. नंतर घेतलेल्या, इंग्लंडमध्ये ९ कॅरट सोन्यात घडवलेल्या दुसऱ्या पार्कर ६१ चे ११.२ आले, तेव्हा त्यांनी तो आकडा वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

तरीही त्यांनी तिथेच मान डोलावली नाही, हे मला सांगायलाच हवे. चांदीची घनता १०.४ च्या जवळपास आहे आणि ९ कॅरट सोन्यात व तिच्यात अंतर थोडे आहे. चांदीवर सोने चढवलेली पेनेही पुष्कळ आहेत, त्यामुळे या पट्ट्यात पाण्याची कसोटी एकटी पुरेशी नाही, असे त्यांनी मला समजावले आणि मग भिंग घेऊन शिक्के पाहिले. इतर ठिकाणी हे काम तेजाबाने करतात. नायट्रिक आम्लाच्या थेंबापुढे १४ किंवा १८ कॅरट सोने टिकाव धरते, पण ९ कॅरटमध्ये तांबे आणि चांदी इतकी असते की तिथे डाग उमटतो. सराफ ‘हे सोनेच नाही’ असे म्हणून मोकळा होतो आणि पेनावर कायमचा काळा ठिपका राहतो. आबा पेनावर तेजाब वापरत नाहीत, कसोटीच्या दगडावर दिसणारा भाग घासत नाहीत, आणि सुलाखून पाहण्याचा तर प्रश्नच येत नाही.

शिक्क्यांच्या बाबतीत त्यांचा अभ्यास पाहून मी थक्क झालो. ब्रिटिश पेनावर लंडनच्या तपासणी कचेरीचे बिबट्याचे मुख, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर किंवा एडिंबरोचा किल्ला असतो, शेजारी ३७५ किंवा ७५० हा आकडा आणि वर्ष सांगणारे अक्षर असते, आणि टोपण व नळी या दोन्हींवर शिक्का असावा लागतो. फ्रेंच १८ कॅरट सोन्यावर गरुडाचे इवलेसे डोके असते. अमेरिकेत सरकारी तपासणी कचेरीची पद्धतच नसल्याने तिथल्या पेनावर फक्त कारखान्याचा १४ के हा ठसा सापडतो आणि त्यापुढे जीएफ ही दोन अक्षरे आहेत का, हे भिंगातून पाहावे लागते. नळीवर शिक्का आहे आणि टोपणावर नाही, असे एक पेन मी त्यांच्याकडे नेले होते. दोन वेगवेगळ्या पेनांचे भाग जुळवून ते बनवलेले आहे, हे त्यांनी नक्षीच्या रेघा मोजून दाखवले. मी ते विक्रेत्याला परत केले.

आपल्या देशातील हॉलमार्कचा येथे उपयोग होत नाही, हे अनेक संग्राहकांना ठाऊक नसते. १६ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांना आणि वस्तूंना हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी या सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकाशिवाय विक्री बंद झाली. परंतु त्या आदेशातून घड्याळे, फाउंटन पेने आणि कुंदन, पोलकी, जडाऊ हे दागिने वगळलेले आहेत. म्हणजे पेनावर तो क्रमांक नसणे हा दोष नाही, आणि ‘हॉलमार्क नाही म्हणून भाव कमी’ असे कोणी म्हणाल्यास ते मान्य करण्याचे कारण नाही. जुन्या पेनाला त्याच्या मायदेशाचा शिक्का हाच आधार आहे, त्यामुळे तो जपणे हे संग्राहकाचे पहिले काम ठरते.

कॅरटच्या आकड्यावरून नाक मुरडण्याची आपली सवयही पेनांच्या बाबतीत बाजूला ठेवावी लागते. जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रणाच्या नियमांनी १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडवायला बंदी केली आणि कितीतरी सोनारांची भट्टी थंडावली. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० साली रद्द झाला, पण १४ कॅरट म्हणजे हलके, लादलेले सोने ही भावना आमच्या पिढीत राहिली. निबेला मात्र तेच सोने मानवते. २२ कॅरटची निब पहिल्याच जोडाक्षराला फाकेल. तांबे आणि चांदी मिसळल्यामुळे १४ कॅरटच्या पत्र्याला जो ताठपणा आणि जी लवचीकता येते, त्यामुळे निब दाबली की उघडते आणि सोडली की पूर्ववत मिटते. जपानच्या सेलर कंपनीने २१ कॅरटच्या निबाही काढल्या आहेत, पण ती त्यांच्या कारागिरीची खास बाब मानावी. मुळात निबेसाठी सोने आले ते थाटासाठी नाही. जुन्या लोहयुक्त शाईत आम्ल असे आणि पोलादाची निब त्यात गंजून जाई, सोन्यावर तिचा परिणाम होत नसे.

आबांचे घराणे खानापूर तालुक्यातले, गलाईच्या धंद्यातले. विटा, खानापूर, आटपाडी या आमच्या जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातून देशभर गेलेल्या आणि सोने-चांदी गाळून शुद्ध करून देणाऱ्या या लोकांची माहिती सांगलीकराला वेगळी द्यायला नको. आबा तरुणपणी कोइमतूरच्या एका गलाईच्या दुकानात मुशीपुढे बसत. जानेवारी १९८० मध्ये जगाच्या बाजारात सोने औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढले, त्या काळात मोडीच्या सोन्यात पेनांची टोपणे आणि निबा येत, आणि त्यांनी त्या शेकड्यांनी गाळल्या. निबेच्या टोकाला झिजू नये म्हणून इरिडियमसारख्या कठीण धातूचा कण जोडलेला असतो. हल्ली त्यात रुथेनियम, ऑस्मियम, टंगस्टन असे धातू असतात, तरी नाव इरिडियमचेच चालते. सोने १०६४ अंश सेल्सियसला वितळते, इरिडियमला २४४६ अंश लागतात. त्यामुळे तो कण मुशीत विरघळत नाही, सोन्यात तसाच राहतो आणि पुढे दागिना घडवताना कानसेला आणि छिन्नीला आडवा येतो. म्हणून गाळण्यापूर्वी प्रत्येक निबेचे टोक कात्रीने तोडून टाकण्याचे काम पोरांकडे असे. आबांच्या टेबलावर एक आगपेटी आहे, तिच्यात त्या तोडलेल्या टोकांची चमचाभर कणी आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी ती माझ्या तळहातावर ओतली. प्रत्येक कण म्हणजे कोणाच्या तरी हाताला बसलेले एक पेन होते.

२०२५ साली आपल्याकडे सोन्याचा भाव १० ग्रॅमला लाखाच्या वर गेला तेव्हा लोक पुन्हा आजोबांची पेने घेऊन कट्ट्यावर येऊ लागले. आबा अशा माणसाला आधी आकडा सांगतात, म्हणजे या पेनात नेमके किती ग्रॅम शुद्ध सोने आहे आणि तूट वजा जाता मोडीत किती पैसे येतील, आणि मग त्याच पेनाला न मोडता संग्राहकाकडून काय मिळू शकेल याची कल्पना देतात. दागिना मोडताना आपण घडणावळ सोडून देतो, कारण ती पुन्हा करता येते. १९६० च्या सुमाराच्या पेनाची घडणावळ परत करणारा कारखानाच आज उरलेला नाही. मोडीचा भाव मी त्यांच्याकडून ऐकून घेतला आहे आणि मला तो नेहमी चोख वाटला आहे. निर्णय ते मालकावर सोडतात.

दुरुस्तीकडे वळायचे तर माझ्या ९ कॅरटच्या पार्कर ६१ चे उदाहरण देतो. १९५६ साली आलेल्या या पेनात सुरुवातीला पंप किंवा रबरी पिशवी नव्हती. नळी काढून पेनाचे मागचे टोक शाईत धरायचे आणि केशाकर्षणाने शाई आपोआप वर चढायची, बाहेरून टेफ्लॉनचा लेप असल्याने टोकाला शाई चिकटतही नसे. कल्पना मोठी सुंदर आहे, पण शाई आत वाळू दिली तर धुण्याचे काम अतिशय चिवट होते, आणि माझ्या पेनाच्या आधीच्या मालकाने ती कित्येक वर्षे वाळू दिली होती. आबांनी १९ दिवस रोज साधे थंड पाणी बदलले. गरम पाणी नाही, स्पिरिट नाही, सराफांकडचे कंपनाने धुणारे यंत्रही नाही. विसाव्या दिवशी पेनाने लिहिले, आणि आजतागायत ते कधी अडलेले नाही.

एका अमेरिकन १४ कॅरट पेनाच्या टोपणाला पोचा होता. बाभळीच्या लाकडाची खुंटी टोपणाच्या आतल्या आकाराप्रमाणे तासून त्यांनी तो आतून दाबत दाबत वर आणला आणि तीन चतुर्थांश निघाल्यावर थांबले. राहिलेला पोचा काढायचा तर बाहेरची बारीक यंत्रनक्षी सपाट होईल, असे त्यांचे म्हणणे पडले. मी त्या दिवशी नाराज होऊन घरी आलो. आज ते टोपण उजेडात फिरवले की नक्षीची रेघ पोच्यावरूनही अखंड जाताना दिसते. उजाळा देण्याच्या बाबतीत ते याहूनही कडक आहेत. मिरजेच्या माझ्या एका स्नेह्यांनी आपले १८ कॅरटचे पेन दुसऱ्या एका ठिकाणी उजाळा द्यायला दिले आणि ते आरशासारखे होऊन आले, पण फिरत्या बफाखाली शिक्के इतके झिजले की बिबट्याचे तोंड ओळखू येईना. आबा फक्त रिठ्याचे पाणी आणि मऊ धुवट सुती कापड वापरतात. खिशात आणि हातात वागवून जी मंद झळाळी आलेली असते, ती राहू द्यावी असा त्यांचा आग्रह असतो आणि मला तो पूर्ण पटलेला आहे.

निबेच्या कामात ते आधी मालकाला लिहायला लावतात. मी लिहीत असताना ते कागदाकडे पाहत नाहीत, माझ्या मनगटाकडे पाहतात. पाश्चात्त्य हातासाठी घासलेली निब देवनागरीत काना उतरताना चांगली चालते आणि शिरोरेषा ओढताना कागदाला खरवडते, हा अनुभव बाहेरून पेने मागवणाऱ्या बहुतेकांचा आहे. दोन्ही पात्यांची टोके सारख्या पातळीवर आणून ते हा दोष पुष्कळदा नुसत्या बोटांनी काढतात, घासण्याची पाळी क्वचित येते. एकदा मात्र ती आली आणि त्यांच्या हातून थोडे अधिक घासले गेले. बारीक टोकाची ती निब मध्यम झाली. गेलेला कण परत येत नाही. त्यांनी मजुरी घेतली नाही आणि वहीत त्या पेनापुढे स्वतःच्या अक्षरात ‘माझी चूक’ असे लिहिले, तरी माझे ते पेन पूर्वीचे राहिले नाही, हे या परीक्षणात नोंदवणे मला आवश्यक वाटते.

या वहीविषयीही लिहायला हवे. प्रत्येक पेनाचे भागवार वजन, घनता, हाताने काढलेली शिक्क्यांची चित्रे आणि तारीख तिच्यात असते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि बाजारपेठेत पाणी शिरले, तेव्हा आबांचे दुकान तळमजल्यावर होते. जुन्या वह्या तीन दिवस पाण्यात राहिल्या. धुऊन जाणाऱ्या निळ्या शाईतल्या नोंदी कोऱ्या झाल्या आणि लोहयुक्त ब्लू-ब्लॅक शाईतल्या नोंदी फिकट का होईना, वाचता आल्या. तेव्हापासून ते त्याच शाईत लिहितात, आणि त्या शाईत गंजणार नाही म्हणून सोन्याच्या निबेने लिहितात.

सेवेतील उणिवा स्पष्ट सांगतो. सांगितलेल्या तारखेला पेन मिळत नाही. दोन आठवड्यांचे दोन महिने होतात आणि विचारायला गेले की ते शांतपणे चहा मागवतात. पावती साध्या कागदावर असते, तिच्यावर वजन आणि शिक्के असतात पण किंमत नसते, त्यामुळे विम्यासाठी तिचा उपयोग होत नाही. विमा कंपनीला मान्यताप्राप्त मूल्यांककाचे प्रमाणपत्र लागते आणि ते वेगळे घ्यावे लागते. त्या वेळी आबांची पावती मूल्यांककापुढे ठेवावी आणि पेन नजरेआड होऊ देऊ नये. हिरे जडवलेल्या आधुनिक पेनांना ते हात लावत नाहीत. माँ ब्लाँने ४,८१० हिरे जडवलेले पेनही केले आहे, पण अशी पेने मला लिहिण्याच्या वस्तू वाटत नाहीत, त्यामुळे ही उणीव मला जाणवलेली नाही. सुटे भाग त्यांच्याकडे फारसे नसतात. माझ्या फ्रेंच १८ कॅरट पेनाच्या टोपणातील पकड सैल झाली आहे आणि ते पेन दिवाळीपासून त्यांच्याकडे भागाच्या प्रतीक्षेत पडून आहे.

मजुरी माफक आहे. पारखण्याचे ३०० रुपये, निब जुळवण्याचे ५००, पोच्याचे काम पाहून सांगतात. पेन नेण्यापूर्वी त्यातील शाई काढून ते साध्या पाण्याने धुवावे, घरी कोणत्याही पावडरीने घासू नये आणि विकत घेताना मिळालेली चिठ्ठी, डबी, जुने बिल जे असेल ते सोबत न्यावे. सकाळी ११ नंतर जावे, कारण उजेड खिडकीतून येतो आणि तो आल्याशिवाय ते भिंग हातात घेत नाहीत. जिना अंधारा आणि उभा आहे. ज्यांना चढवत नाही त्यांनी खालूनच हाक मारावी, आबा काटा, भिंग आणि वही घेऊन स्वतः खाली येतात आणि वाड्याच्या ओट्यावर बसून पेन पाहतात.